तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या जिभेखालचा पडदा कापायचा का?

‘जीभ खाली चिकटलेली आहे म्हणतात. आत्ताच कापून घेऊ की थांबू?’ हा प्रश्न साधारण दोन वेळी येतो. एकदा बाळ आठ-दहा दिवसांचं असताना, आणि नंतर मूल दोन-अडीच वर्षांचं होऊनही बोलत नाही तेव्हा. दोन्ही वेळची उत्तरं वेगळी आहेत, आणि दुसरं ऐकून आईबाबा सहसा खट्टू होतात.

जीभ उचलली की खाली मधोमध एक घडी, म्हणजेच हा पडदा, ताणून उभी राहते. ती सगळ्यांनाच असते. अडचण तेव्हाच, जेव्हा ती आखूड किंवा जाड असते, अथवा जिभेच्या टोकाच्या अगदी जवळ जोडलेली असते. मग टोक वर उचलत नाही, खालच्या हिरडीपुढे येत नाही, आणि बाळ रडताना टोकाला पत्त्यांतल्या बदामासारखी खाच पडते. यालाच ‘टंग टाय’ म्हणतात. म्हणून नुसता ‘पडदा दिसतो’ म्हणजे निदान नव्हे. तपासणारा चार गोष्टी पाहतो: टोकाचा आकार, पडदा हिरडीवर कुठे जोडलाय, तोंड उघडं असताना जीभ किती उचलते आणि किती बाहेर येते. ब्रिस्टल पद्धतीत प्रत्येकाला ० ते २ गुण देतात. ८ पैकी ३ किंवा कमी आले तर जीभ बरीच जखडलेली आहे, असं धरतात. पण हे गुण कात्री हातात घ्यायला पुरेसे नाहीत. जिभेखाली असा पडदा असलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिताना अडचण येते, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो.

मग पाहायचं काय, तर पिणं. नीट पिणाऱ्या बाळाची जीभ खालच्या हिरडीवर पसरते आणि स्तनाला खालून आधार देते. ती पुढे आली नाही तर बाळ हिरड्यांनी चावतं. पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं दिसणं, भेगा, पिताना ‘टक टक’ आवाज, ओठांच्या कडेनं दूध गळणं, पाऊण-एक तास पिऊनही बाळ उपाशी राहणं, या त्याच्या खुणा. आकड्यांत सांगायचं तर, जन्मवजन साधारण १० ते १४ दिवसांत भरून यावं, पुढे पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा लंगोट चांगला ओला व्हावा. हे सगळं ठीक असेल आणि आईला दुखत नसेल, तर पडदा कितीही ठसठशीत दिसला तरी त्याला हात लावू नये.

दुखत असेल तरी आधी बाळ धरण्याची पद्धत तपासून घ्या. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, नाक स्तनाग्रासमोर, तोंड जांभईएवढं उघडल्यावरच जवळ घेणं, हनुवटी स्तनात रुतलेली. स्तनपान सल्लागाराकडून एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून घ्यावं. टंग टायच्या खात्यावर मांडलेली बरीच दुखणी इथेच मिटतात. ‘मागचा टंग टाय’, ‘ओठाचा टाय’, ‘गालाचा टाय’ हे शब्द कुणी पहिल्याच भेटीत वापरले, तर दुसरं मत घ्या. मला तरी त्या यादीबद्दल शंकाच वाटते.

कापल्यानं फायदा होतो का? पाच चाचण्यांतल्या ३०२ बाळांचा कोक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा) २०१७ मध्ये आला. आईचं दुखणं काही काळ कमी होतं, एवढं त्यातून दिसलं. पिणं मात्र दरवेळी सुधारलं नाही. पुढे ब्रिटनमधल्या चाचणीत १६९ बाळांची नोंद झाली. तिथे कापलेल्या आणि न कापलेल्या गटांत तीन महिन्यांनी अंगावर पिण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पण ‘न कापलेल्या’ गटातल्याही बहुतेक बाळांचा पडदा मधल्या काळात कापून घेण्यात आला होता, त्यामुळे त्यावरून ठाम निवाडा देता येत नाही.

करायचंच ठरलं, तर लहान बाळाचं काम काही सेकंदांचं असतं. बाळाला गुंडाळून डोकं स्थिर धरतात, साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, जीभ उचलून पडद्याचा पातळ भाग बोथट टोकाच्या कात्रीनं कापतात आणि गॉजनं दाबून धरतात. रक्त थेंबभरच येतं. लगेच पाजायला घ्यायचं. लेझरनं निकाल कात्रीपेक्षा चांगला लागतो असं सिद्ध झालेलं नाही. आधी तीन गोष्टी सांगायच्याच: जन्मानंतर व्हिटॅमिन के दिलं होतं का, घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार आहे का, आणि बाळाचा खालचा जबडा फार लहान किंवा अंग सैल आहे का. लहान जबड्याच्या बाळात मोकळी झालेली जीभ मागे पडून श्वास अडू शकतो.

दुसऱ्या दिवशी जिभेखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा पांढरा-पिवळा डाग दिसतो. तो पू नाही, भरून येणारी जखम आहे. आठवडा-दोन आठवड्यांत जाते. दिवसातून अनेकदा बोट घालून जखम ताणायचे व्यायाम काहीजण सांगतात. त्यांचा फायदा सिद्ध नाही, उलट बाळ तोंडाजवळ काही आणलं की मान फिरवायला लागतं. गॉजनं दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही किंवा बाळ पिणं सोडून देऊ लागलं, तर थेट दवाखाना गाठावा.

आता बोलण्याचं. टंग टायमुळे बोलायला उशीर होत नाही. प, ब, म, क, ग यांना जिभेचं टोक लागतच नाही. तेव्हा मूल ‘आई’, ‘बाबा’, ‘काका’ही म्हणत नसेल तर कारण जिभेखाली शोधू नका. पहिली तपासणी कानाची, नंतर एकूण विकासाची. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेखालचा पडदा कापून घेतला, आता बोलेल म्हणून वाट पाहिली आणि त्यात ऐकू न येण्याचं निदान वर्षभर लांबलं, याइतकं मोठं नुकसान या विषयात दुसरं नाही.

परिणाम झालाच तर उच्चारांच्या स्पष्टपणावर होतो. ल, र आणि टोक मागे वळवून काढायचे ट, ड, ण, ळ इथे अडखळ दिसू शकते. तरी बरीच मुलं टोक थोडंसंच हलवून हे आवाज व्यवस्थित काढतात, आणि र, ळ तर मोकळ्या जिभेच्या मुलांनाही उशिराच येतात. म्हणून चार वर्षांच्या आसपास स्पीच थेरपिस्टकडून नेमके कोणते आवाज बिघडलेत आणि ते जिभेच्या टोकामुळेच का, हे लिहून घ्यावं. फक्त र चुकत असेल तर आधी थेरपी. टोकाचे अनेक आवाज एकदम बिघडलेत, जीभ दातांवर फिरवून अन्न काढता येत नाही, ओठ चाटता येत नाही, असं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त. या वयात मात्र सहसा पूर्ण भूल लागते, कधी टाकेही घालतात. जुनी सवय जिभेला जडलेली असते, त्यामुळे जखम भरल्यावर थेरपी पुढे चालू ठेवावीच लागते.