सव्वादोनचा फोन

8 जुलै, खानापूर तालुका (बेळगाव)

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तरवा लावणीला आलाय, खालच्या वाफ्यात चिखल झालाय, आणि नट्टीला, म्हणजे भातलावणीला, बाया मिळत नाहीत. मिळतात त्यांना संध्याकाळी रोख लागतं. त्यात चूक काहीच नाही, त्यांच्याही घरी चूल आहे. ट्रॅक्टरवाल्याचं निम्मं द्यायचं राहिलंय. सगळं मिळून पंधरा हजार पाहिजेत.

धाकट्या भावाचा फोन हल्ली सव्वादोनला येतो. शारजात तेव्हा पाऊण वाजलेला असतो. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावरचं काम बंद, असा तिथला नियम आहे. आईला वाटतं, पोराला दुपारची अडीच तास सुट्टी म्हणजे भारी नोकरी! ती सुट्टी का देतात ते मी तिला सांगितलेलं नाही.

आज मी ठरवून बसलो होतो. वाक्यही तयार होतं, "नट्टीचं जरा अडलंय, जमलं तर बघ."

जमलं तर बघ. या तीन शब्दांना मी पुण्यात सात वर्षं भ्यायलो. भोसरीला कंपनीत होतो, कॉट बेसिसवर एका खोलीत आठजण, मेसचा डबा. महिन्याच्या दोन-तीन तारखेला बाबांचा फोन यायचा. बाबा कधी "पाठव" म्हणाले नाहीत. पाऊस, म्हैस, ताईचं सासर, सगळं झालं की शेवटी हळूच, "जमलं तर बघ." हुकूम असता तर भांडता आलं असतं. याच्याशी कसं भांडणार? रात्रभर खोलीभाडं, मेस आणि घरचे पैसे यांची बेरीज करायची, ती कधीच जुळायची नाही.

एकदा खोटं बोललो. हातात पगार होता, मोबाईल घ्यायचा होता. "बाबा, पगार लांबलाय ह्या खेपेला." बाबा म्हणाले, "बरं, असू दे." नंतर कळलं, त्या महिन्यात आईची बोरमाळ सोसायटीत गहाण गेली होती. मोबाईल चार वर्षं चालला. चांगला होता.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी परत आलो आणि धाकटा गेला. त्याच्या व्हिसासाठी एजंटाला 1,20,000 दिले. नोंदणी असलेल्या एजंटानं 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घ्यावं असा सरकारी नियम आहे, हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं. ताईच्या पाटल्या त्यासाठी गहाण पडल्या. म्हणजे तो विमानात बसला तेव्हाच कर्जात होता. पहिलं वर्ष घरच्यासाठी नव्हे, जाण्याच्या खर्चासाठी राबला. गावात मात्र "पोरगं दुबईला" झालं (शारजा कोण म्हणतंय!) आणि देवळाची वर्गणी दुप्पट लागली.

दुसरं म्हणजे दराचं. दिरहम, म्हणजे तिथलं चलन, डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून एका डॉलरला 3.6725. त्यामुळे आपला रुपया घसरला की त्याच पगाराचे इथे जास्त रुपये होतात. 2022 साली डॉलर 80 च्या वर गेला तेव्हा मामा खास फोन करून म्हणाले, "आता बरे पडत असतील की!" धाकटा हसला होता. मग मला एकट्याला म्हणाला, "दादा, दर वाढला की सगळ्या गावाला कळतं. हितलं खोलीभाडं वाढलं की मला एकट्याला कळतं."

आजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांच्या मनीऑर्डरींची कुपनं ट्रंकेत आहेत. प्रत्येकावर तोच मजकूर: मी खुशाल आहे, पोचल्याचं कळवावे. 1982 च्या संपात गिरणी सुटली आणि ते गावी आले. मुंबईत ते काय खात होते, कुठे झोपत होते, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

तर आजचा फोन.

"दादा, काय करूलास?"

"काय नाही. पाऊस बघूलालो."

"नट्टी झाली?"

"व्हईल ह्या आठवड्यात."

थोडा वेळ दोघंही गप्प. मागे पंख्याचा आवाज, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "दादा, ह्या खेपेला पगार जरा लांबलाय."

मी ते वाक्य ओळखलं. खरंही असेल. नसेलही, त्याला बूट घ्यायचे असतील, दात दुखत असेल, नाहीतर नुसतंच एक महिना स्वतःपाशी काही ठेवावंसं वाटलं असेल.

म्हटलं, "बरं, असू दे. जेवलास काय?"

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं. मी सांगितलं, पगार लांबलाय म्हणतो. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "राहू दे त्याला. वरच्या आळीतल्या काकूंशी पैरा करू. दोन दिवस आपण त्यांच्यात, दोन दिवस त्या आपल्यात."

सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 तिच्या खात्यावर आहेत, ते ट्रॅक्टरवाल्याला. उरलेल्यासाठी पिग्मी, रोजची थोडी थोडी बचत, मोडायची. पिग्मीवाला सकाळी नऊला येतो.

उद्या सहाला काकूंच्या शेतात. इरलं शोधून ठेवलंय.