दुधातला विषाणू आणि दूधआई

सी३एच या प्रयोगशाळेत वाढवलेल्या वंशाच्या उंदरीला स्तनाची गाठ आली, तर ती कुणाचं दूध प्यायली हे आधी पाहावं. १९३६ साली अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी जास्त गाठी येणाऱ्या वंशाची पिल्लं कमी गाठी येणाऱ्या वंशाच्या माद्यांना पाजली आणि गाठींचं प्रमाण घटलं. दुधातून जाणारं ते काहीतरी म्हणजे विषाणू, हे पुढे ठरलं. आपल्याकडे मुंबईत कमल रणदिवे यांनीही उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर मोलाचं काम केलं. त्यांचं नाव या विषयात घ्यायलाच हवं.

पिल्लाच्या आतड्यातून विषाणू लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये शिरतो, त्यांच्यावर स्वार होऊन स्तनग्रंथीत पोचतो. त्याच्याकडे स्वतःचं कर्करोगाचं जनुक नाही. तो पेशीच्या डीएनएत कुठेही घुसतो. पेशींची वाढ घडवणाऱ्या डब्ल्यूएनटी-१ सारख्या जनुकाशेजारी बसला की ते जनुक नको तेव्हा चालू होतं. गरोदरपणातली संप्रेरकं विषाणूला चेव आणतात, म्हणून सतत वेत होणाऱ्या माद्यांना गाठी लवकर येतात.

वंश स्वच्छ, म्हणजे विषाणूमुक्त, करायचा तर दूधआई, म्हणजे परकी पिल्लं पाजणारी विषाणूमुक्त मादी, हवी. सी५७बीएल/६ या दुसऱ्या वंशाची काळी मादी सोयीची, कारण सी३एचची पिल्लं तपकिरी निघतात आणि केस आले की सरमिसळ कळते. दूधआई एक-दोन दिवसांपूर्वीच व्यालेली असावी. आधीचं एक वेत नीट वाढवलेली असेल तर उत्तम. पहिलटकरीण कधीकधी परकी पिल्लं खाते. दूधआईला क्षणभर दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवा, तिची पिल्लं काढा, नवी पिल्लं तिच्याच घरट्यातल्या भुश्यात हलकेच घोळवा आणि मग तिला परत सोडा. पिल्लं गार पडली तर ती त्यांना जवळ घेत नाही, म्हणून सगळा वेळ ऊब द्या.

चुकतं ते वेळेत. पिल्लाच्या पोटाच्या डाव्या बाजूला कातडीतून पांढरा ठिपका दिसला, की ते आईचं दूध प्यायलं आहे; असं पिल्लू घेऊ नये. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रसूतीच्या आधीच, साधारण १९व्या दिवशी, सिझेरियन करून पिल्लं काढणं.

तपासणीत आणखी एक फसगत होते. सी३एचच्या स्वतःच्या जनुकसंचातही विषाणूच्या जुन्या प्रती आहेत. त्यामुळे शेपटीच्या डीएनएवर साधी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी चाचणी) केली तर स्वच्छ उंदीरही बाधित ठरतो. त्यातल्या एमटीव्ही-१ या प्रतीमुळे दूधआईने वाढवलेल्या काही माद्यांना उतारवयात गाठी येतातही. तेवढ्यावरून सगळा प्रयत्न फसला असं समजू नये. दुधातला विषाणू एक सुपरअँटिजेन, म्हणजे टी-पेशींना एकदम चेतवणारं प्रथिन, बनवतो आणि त्यापायी रक्तातल्या व्हीबीटा-१४ प्रकारच्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) काही आठवड्यांत ओसरतात. फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजण्याच्या तंत्राने त्यांचं प्रमाण पाहा. शेजारी त्याच वयाचा, नक्की विषाणूमुक्त असलेला सी३एच उंदीर तुलनेला ठेवा.