रक्त जास्त, आणि वर अंगठ्याला काळी रेघ

रक्त कमी असलेल्या बायका मी आयुष्यभर पाहत आले. आई, दोन्ही जावा, ब्लाउज शिवायला येणाऱ्या निम्म्या जणी. बीट, खजूर, लोखंडी कढई, सगळी चर्चा त्याच दिशेची. माझं मात्र उलटं निघालं. हिमोग्लोबिन १८.६. लॅबमधल्या मुलाला वाटलं मशीन बिघडलं, त्याने पुन्हा सुई टोचली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "चांगलंय की मग, थोडं मला द्या!"

देता येत नाही. काढून टाकतात आणि फेकून देतात. पॉलिसायथेमिया व्हेरा हे आजाराचं नाव. रक्त तयार करणारी हाडातली मज्जा आवरतं घेत नाही, रक्त दाट होत जातं आणि गुठळी होण्याची भीती राहते. गरम पाण्याने अंघोळ केली की अंगभर सुया टोचल्यासारखी खाज यायची. त्यापायी मी साबण बदलले, पाणी बदललं, अॅलर्जीच्या गोळ्या खाऊन झाल्या. तोंड लालबुंद दिसायचं, तर लोक म्हणायचे, काय तेज आलंय! पुढे JAK2 नावाच्या जनुकातला बदल तपासला. तो २००५ साली सापडला आणि या आजाराच्या साधारण ९५ टक्के लोकांत असतो. माझ्यातही निघाला. तो आईबापाकडून येत नाही, पुढे मुलांकडेही जात नाही, मज्जेतल्या एखाद्या पेशीत मधेच कधीतरी होतो. हे कळल्यावर मला खरं हायसं वाटलं ते मुलीसाठी.

उपचार तसे साधे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. त्यासाठी अधूनमधून ब्लड बँकेत जाऊन पिशवीभर रक्त काढायचं. रोज एक छोटी अॅस्पिरिन. आणि साठी ओलांडली की गुठळीचा धोका वाढलेला धरतात, म्हणून मला हायड्रॉक्सीयुरियाची, म्हणजे रक्तपेशी कमी तयार व्हाव्यात यासाठीची, कॅप्सूलही सुरू झाली. हा आजार रक्ताच्या कर्करोगांच्या गटात मोडतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. लोक तो वर्षानुवर्षं नीट सांभाळून जगतात, असंही सांगितलं होतं. मी दुसरं वाक्य घरी घेऊन आले, पहिलं त्यांच्या टेबलावर ठेवलं. घरात आम्ही "रक्ताचा त्रास" एवढंच म्हणायचो आणि ते पुरत होतं.

रेघ दिसली ती विधानसभेचं मतदान होऊन दोन-तीन महिने झाल्यावर. उजव्या अंगठ्याच्या नखावर, मुळापासून टोकापर्यंत उभी, काळपट तपकिरी. ब्लाउज न्यायला आलेली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला शाई अंगठ्याला लावली का हो?" दोघी हसलो. ती गेल्यावर मी मशीनच्या दिव्याखाली अंगठा धरला आणि सवयीने त्यावर टेप ठेवला. तीन मिलिमीटर, किंचित जास्तच. वहिनींचा सल्ला हळद लावण्याचा. आमचं सांगली हळदीच्या पेठेचं गाव, इथे कापल्या बोटापासून फाटल्या संसारापर्यंत सगळ्याला हळद. मी लावली नाही, आणि बरंच झालं. नखाच्या डॉक्टरला आधी खरा रंग बघायचा असतो. याच कारणासाठी नेलपॉलिशही नको.

रक्ताच्या डॉक्टरांना पुढच्या तपासणीत दाखवलं. त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाले, "या कॅप्सूलने नखं काळवंडतात, ते आम्हाला माहीत आहे. पण बहुतेक वेळा अनेक नखांना होतं. तुमच्या एकाच नखाला आहे, तेही अंगठ्याच्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मी विचारलं, मग तोवर गोळी बंद करू का? माझी तयारी होती, खरं तर इच्छाच होती. ते म्हणाले, मुळीच नाही, प्लेटलेट वर गेल्या आणि गुठळी झाली तर नखाचं काय घेऊन बसायचं? हे मला पटलं. आवडलं नाही.

मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी चपला काढायला लावल्या. वीसही नखं, तळवे, तळपाय, तोंडाच्या आतून ओठ, सगळं पाहून झाल्यावर अंगठा हातात घेतला आणि त्यावर दिवा असलेलं भिंग टेकवलं. त्या काय बघतायत ते मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. रेघेचा रंग एकसारखा आहे की कुठे गडद कुठे फिका. आतल्या बारीक रेषा समांतर आहेत की वाकड्यातिकड्या. काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर सांडलाय का. आणि रेघ टोकापेक्षा मुळाशी रुंद आहे का. नख मुळाकडून वाढतं, त्यामुळे मुळाशी रुंद म्हणजे रंग देणारा भाग पसरतोय. हे मला शिकवावं लागलं नाही. परकराची कळी मी हजारदा बेतली आहे, वर अरुंद, खाली घेर. माझी रेघ तशी होती का? थोडी होती. आणि मुळाच्या कातडीवरही काळपट छटा होती. "ती आतला रंग पारदर्शक कातडीतून दिसतोय म्हणूनही असेल," त्या म्हणाल्या, "पण नुसत्या डोळ्यांनी मी खात्री देणार नाही. बायोप्सी करू."

मेलॅनोमा हे नाव त्यांनीच सांगितलं, आडपडदा न ठेवता. गोऱ्या लोकांत हा त्वचेचा कर्करोग बराच दिसतो, आपल्या वर्णात कमी. पण आपल्यात होतो तेव्हा पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो, तळपाय, तळहात, नखाखाली, आणि लोक मार लागलाय किंवा बुरशी आहे समजून दिवस काढत बसतात. त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं की सावळ्या माणसांच्या नखांवर निरुपद्रवी रेघा सर्रास असतात.

त्यानंतर मी बसमध्ये, बँकेत, देवळात लोकांचे अंगठे बघत सुटले. रांगेतल्या एका आजोबांना तीन नखांवर रेघा होत्या. विचारलं, तर म्हणाले जन्माच्या आहेत. आजोबांना काय वाटलं असेल देव जाणे.

घरी सगळ्यांनी आपापल्या परीने धीर दिला. "काही नसेल हो" हे वाक्य मला त्या काळात विषासारखं वाटायचं. बोलणाऱ्याचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. त्यापेक्षा आमचे हे बरे. काही बोलले नाहीत, मुकाट्याने भाजी चिरायला लागले, तीही इतकी जाड की भेंडीचे लाकडासारखे ओंडके. जावयाने फोनवर बॉब मार्लेची गोष्ट सुरू केली. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग, आधी फुटबॉलची दुखापत वाटली, १९८१ साली गेला, वय ३६... एवढ्यात मुलीने फोन ओढून घेतला. पुढचं मला ऐकू आलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री मात्र टेबलावर ठेवून आलेलं ते पहिलं वाक्य पायांनी चालत घरी आलं. कर्करोग मला आधीच होता की! त्याच्यासोबत मी ब्लाउज शिवले, लग्नं केली, गौरी बसवल्या. मग अंगठ्याच्या रेघेने एवढं का हलावं? मला वाटतं, रक्त दिसत नाही. रेघ मात्र चहाचा कप उचलला तरी समोर.

बायोप्सीच्या आधी दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले. अॅस्पिरिन बंद करायची नाही, रक्ताचे आकडे आधी बघायचे, ड्रेसिंग जरा घट्ट. हायड्रॉक्सीयुरियावर असताना जखम हळू भरते, तेही धरून चालायचं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीची इंजेक्शनं देतात, ती दुखतात. कमी दुखतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यानंतर काहीच कळत नाही. रक्त येऊ नये म्हणून रबरी हातमोज्याचं बोट कापून अंगठ्यात घातलं आणि गुंडाळत बुडाशी आणलं. नख मुळाकडून थोडं उचललं, जिथून नख तयार होतं तिथला पापुद्रा खरवडून घेतला, नख परत खाली बसवून टाका घातला. तुकडा एवढासा की बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये मला दिसलाच नाही.

रिपोर्टला वेळ लागणार होता, खास रंग लावून पाहायचं होतं. तोवर कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. लग्नसराईचे ब्लाउज मी गल्लीतल्या दुसऱ्या एकीकडे दिले. डाव्या हाताने हूक-काज करायला गेले, तर काज म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखं. हात उंच ठेवायचा होता म्हणून उशीवर ठेवून बसायचे, आणि डाव्या हाताशिवाय बघायला काही नव्हतं. अशीच एका दुपारी बसले असताना डाव्या मधल्या बोटाच्या नखावर दिसली. फिकट राखाडी, केसाएवढी. मग शेजारच्या बोटावर. मग मोजे काढले, पायाच्या अंगठ्यावर दोन!

मी ओरडले तसे हे धावत आले, हातात सुरी. "आणखी आल्या! चार आहेत!" मी म्हटलं आणि रडायला लागले. त्यांना वाटलं संपलं सगळं. अनेक नखांना आल्या म्हणजे औषधाचीच करणी असण्याची शक्यता वाढली, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. मग म्हणाले, "आजार वाढला म्हणून पेढे वाटणारी तू पहिलीच." पेढे रिपोर्ट आल्यावरच आणू, असं ठरलं. मिरजेला फोटो पाठवला. डॉक्टरांचं उत्तर आलं: "चांगलं लक्षण. तरी रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट आला. रंग तयार करणाऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, विचित्र दिसणाऱ्या नाहीत, फक्त रंग जास्त करतायत. कॅप्सूल चालू ठेवायची.

एवढ्यावर सुटका नाही. हेच औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांना उन्हाने होणारे दुसरे त्वचेचे कर्करोग होऊ शकतात, म्हणून आता दर सहा महिन्यांनी चेहरा, कान, हातांची पाठ दाखवायची. बाजारात जाताना पूर्ण बाह्या, स्कार्फ, सनस्क्रीन. वहिनी म्हणतात, या वयात गोरं व्हायचंय का? रात्री घोट्यांभोवती बघते, कारण या औषधाने तिथे चिघळणाऱ्या जखमा होतात, आणि तसं झालं तर मात्र ते बदलावं लागेल. नखांच्या रेघा वाढत चालल्यात, दहापैकी सहा बोटं झाली.

अंगठ्याचं नख नवीन आलं, पण मधोमध एक चर घेऊन. डॉक्टर म्हणाल्या, राहील कदाचित. त्यात रेशमाचा धागा अडकतो. पैठणीच्या पदराला हात लावायच्या आधी मी आता चिकटपट्टी गुंडाळते.