परत करायची तारीख : १५ जानेवारी २०१२

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. कला, वाणिज्य आणि नावापुरतं विज्ञान. मी तिथली ग्रंथपाल, आणि नॅकची (कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या संस्थेची) तारीख कळली त्या दिवसापासून कॉम्प्युटर विभागसुद्धा मीच. प्राचार्य सरांना कुणीतरी सांगितलं, की कॉलेजच्या वेबसाईटवरच सर्च बॉक्स बसवता येतो. पोरांनी शब्द टाकला की आपली पुस्तकं, बाहेरचे प्रबंध, नियतकालिकं सगळं एकाच ठिकाणी दिसतं. संस्थेने एका कंपनीकडून तो घेतला. कंपनीने मला एक लॉगिन दिलं, चार ओळींचा कोड दिला आणि वर "मॅडम, सेटिंग एकदम सोपं आहे" हे वाक्य दिलं.

कोड चिकटवायला दहा मिनिटं लागली. बाकीच्याला अडीच महिने.

पहिला प्रश्न, आत कुणाला घ्यायचं? मी सगळ्यात बिनकष्टाचा पर्याय निवडला, आयपी. म्हणजे कॉलेजच्या इंटरनेटवरून जो येईल त्याला काही न विचारता आत घ्यायचं. फॉर्ममध्ये आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता मागितला होता, तो लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बघून भरला : १९२.१६८.१.५. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मुलाचा फोन आला, हसू दाबून बोलत होता. म्हणाला, हा पत्ता माझ्या घरच्या टीव्हीचाही असू शकतो! १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, राऊटरबाहेर त्यांना काडीची किंमत नाही. मग बाहेरून दिसणारा खरा पत्ता शोधून भरला. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी लाईन गेली, राऊटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पत्ताच बदलला. कायमचा पत्ता घ्यायचा तर वेगळे पैसे लागतात. ती फाईल ऑफिसातून जशी गेली तशी परत आली.

खरं तर पैसे मिळाले असते तरी उपयोग नव्हता. आमची निम्म्याहून जास्त पोरं एसटीने येतात आणि दुपारच्या गाडीने गावी परत जातात. अभ्यास होतो तो रात्री, घरी, फोनवर. आयपीच्या हिशेबाने ती आमची कुणीच लागत नाहीत.

म्हणून दुसरा मार्ग धरला, टोकनचा. आमच्याकडे कोहा आहे, ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारं. हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट मिळतं म्हणून आम्हीही ते भेट म्हणूनच घेतलं. ते ज्या जुन्या डेस्कटॉपवर चालतं त्याला सगळे आदराने सर्व्हर म्हणतात. मुलाने लायब्ररी कार्डाचा नंबर आणि पासवर्ड टाकला की सर्व्हर एक सही केलेली चिठ्ठी सर्च बॉक्सकडे पाठवतो : हा आमचा, याला आत घ्या. चिठ्ठीवर वेळ असते. पाच मिनिटांपेक्षा जुनी चिठ्ठी समोरचा फाडून टाकतो, म्हणजे कुणी चोरून पुन्हा वापरू नये.

आठवडाभर चाललं आणि मग एका सोमवारी सगळ्यांनाच "सेशन एक्स्पायर्ड" येऊ लागलं. आत्ता लॉगिन केलं, आत्ताच एक्स्पायर्ड. मी पासवर्ड बदलले, चिठ्ठीवरच्या सहीची गुप्त कळ नव्याने तयार केली, कंपनीला चार मेल टाकले. काहीच नाही. बुधवारी देवघेव काउंटरवरून काकांनी हाक मारली, "मॅडम, या पोरीची पुस्तक परत करायची तारीख १५ जानेवारी २०१२ काहून येऊन राहिली?"

पुस्तक आम्ही चौदा दिवसांसाठी देतो. म्हणजे सर्व्हरच्या मते आज १ जानेवारी २०१२ होता! रविवारी रात्रभर लाईन नव्हती, यूपीएस कधीचाच मेलेला, आणि मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपलेला. प्रत्येक वेळी वीज गेली की घड्याळ पुन्हा त्याच तारखेवर जायचं. इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय असते, ती कुणी चालूच केली नव्हती. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर वर्षानुवर्षं जुनी तारीख पडत होती. बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल आणला, तीस रुपयांत. त्याने विचारलं, "गाडीच्या रिमोटले का?" मी हो म्हटलं. एवढं कोण समजावत बसणार.

तरी फोनवर गोंधळ राहिलाच. लायब्ररीत चालायचं, पण पोरं म्हणायची, "मॅडम, ते पुन्हा पुन्हा पासवर्डच मागून राहिलं." हे मला सुटलं नसतं. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सोडवलं. आमची वेबसाईट एक, आणि तिच्यातल्या चौकटीत उघडणारा सर्च बॉक्स दुसऱ्याच पत्त्यावरचा. अशा परक्या चौकटीतल्या कुकीवर, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीवर, ब्राउझर विश्वास ठेवत नाहीत. क्रोमने तर २०२० पासून हा नियम कडक केला. म्हणजे पोरगं लॉगिन करतं आणि पुढच्या पानाला ते कोण हेच आठवत नाही. उपाय साधा निघाला : शोध चौकटीतच ठेवायचा, लॉगिन आणि त्यापुढचं सगळं मात्र नव्या टॅबमध्ये उघडायचं.

त्याच फोनवर त्याने विचारलं, "पण मॅडम, सगळ्यालेच लॉगिन काहून पाहिजे?" मी गप्प. खरंच, शोधगंगेवरचे, म्हणजे देशातल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन साठ्यातले, पीएचडी प्रबंध कुणालाही उघडे आहेत. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या सूचीतले लेख तसेच. आमच्या पुस्तकांची यादी लपवून मी काय करणार होते? लॉगिन लागतं ते एन-लिस्टला, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या योजनेला, ज्याचे आम्ही अनुदानित कॉलेज म्हणून वर्षाला ५,९०० रुपये भरतो. अख्ख्या वाड्याला कुलूप लावून मी महिनाभर किल्ली शोधत बसले होते. पाहुण्यांसाठीचा पर्याय चालू केला, कुलूप फक्त त्या कपाटाला ठेवलं. निम्म्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या.

मग आले सोर्स, म्हणजे बॉक्स जिथे जिथे शोधतो ती ठिकाणं. सेटिंगच्या पॅनलमध्ये चाळीसेक होते आणि कंपनीने सगळ्यांवर टिक करून ठेवलेली. दिसायला भारी. पण त्यातला एक कायमचा बंद पडलेला, आणि बाकीचे त्याची वाट बघत अर्धा मिनिट थांबायचे. खेड्यात एका काडीच्या रेंजवर अर्धा मिनिट म्हणजे पोरगं गेलंच. थांबायची मुदत आठ सेकंदांवर आणली.

बीएस्सीची एक मुलगी बोंडअळीवर प्रकल्प करत होती. २०१७ साली तिच्या घरची पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीने खाल्ली होती, म्हणून तोच विषय. तिने "बोंडअळी" टाकलं तर शून्य. इंग्रजीत कापूस टाकला तर जगभरच्या सुताचे आणि कापडाचे लेख. मी शेजारी बसून अळीचं शास्त्रीय नाव टाकलं, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, तेव्हा कामाचं दिसायला लागलं. त्या दिवशी पॅनल उघडून एकेक टिक काढत गेले. वर आमची यादी, मग शोधगंगा, मग राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मग डीओएजे आणि शेवटी एन-लिस्ट. पाच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध कृषिकोशवर असतात आणि ते पॅनलमध्ये नव्हतं, तर बॉक्सखाली त्याची सरळ लिंक देऊन टाकली. प्राचार्य सर म्हणाले, चाळीस दिसले असते तर बरं दिसलं असतं. मी त्यांना बोंडअळी टाकायला सांगितली.

आमच्या यादीतल्या नोंदींना मी आता हाताने शब्द जोडते : बोंडअळी, बोंड अळी, शास्त्रीय नाव, तिन्ही. तसंच "शेतकऱ्यांच्या" या शब्दाचं. त्यातला ऱ्य लिहायच्या दोन रीती आहेत. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. पोरांच्या फोनमधून एक येतो, आमच्या जुन्या नोंदीत दुसरा आहे. पुस्तक मागच्या रॅकवर आणि बॉक्स म्हणतो, सापडलं नाही. ते सगळे ऱ्य एका रविवारी शोधून बदलले.

युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सहाशेच्या वर नोंदी मात्र अजून तशाच आहेत. त्या मी नव्यानेच टाइप करते. दिवसाला दहा होतात, लाईन असली तर.