रेघेएवढा शनी

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५
(लिहितेय रविवारी दुपारी, झोप भरून काढल्यावर)

काल दुर्बिणीतून शनी पाहिला. पहिल्यांदाच. आणि ज्या कड्यांसाठी सगळे शनी बघायला धावतात, ती कडी नेमकी यंदा आपल्याकडे धार करून आहेत. आकाशदर्शन मंडळाच्या माणसाने फोनवरच सांगून टाकलं होतं, "ताई, पोस्टरमधला शनी मिळणार नाही हं, नंतर कुरकुर नको." तरी गेले. भाच्यालाही घेतलं बरोबर.

जागा मावळातली, भात काढून झालेलं खाचर. चपलेतून धसकटं टोचत होती. अमावास्या गुरुवारीच झालेली, त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत चंद्राची कोर मावळून गेली होती. चिंचवडचा उजेड पूर्वेला साचलेला दिसत होता; बाकी आकाश चांगलं काळं. लाल जिलेटीन लावलेल्या बॅटऱ्या, चटया, थर्मास, आणि आठ इंची आरशाच्या, हाताने ढकलून फिरवायच्या डॉब्सोनियन दुर्बिणीपुढे रांग.

रांगेत माझ्या पुढच्या काकांनी डोळा लावला, पाचेक सेकंदांत काढला. "हे काय? चांदणीच आहे की नुसती." त्यांच्या मागच्या दोघी "छान, छान" म्हणाल्या, पण आवाजावरून कळत होतं. भाचा तर सरळच विचारून मोकळा झाला, "मावशी, कडं कुठंय?"

माझा नंबर आला. या दुर्बिणीत डोळा लावायचा तो नळीच्या वरच्या टोकाशी, बाजूने, जरा वाकून. आधी दिसल्या त्या माझ्याच पापण्या. मग एक पिवळट, थरथरणारा डाग. फोकसचं चाक अगदी हलक्या हाताने फिरवत राहिले आणि मध्येच कधीतरी हवा स्थिर झाली. फिकट पिवळा, स्वच्छ कडेचा छोटा गोल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेली सरळ, केसाएवढी रेघ. मण्यात ओवलेली सुई. गोलावरून एक काळपट बारीक पट्टी आडवी गेलेली होती, ती म्हणे कड्यांची सावली. तेवढ्यात हवा हलली, रेघ विरघळली, परत आली. मधोमध आणून ठेवलेला शनी मिनिटभरात कडेला सरकून दिसेनासा झाला. सरकत होतो अर्थात आपण; नळी पुन्हा ढकलून त्याला गाठावं लागतं.

लहान दिसतो, हे खरं. १२० पट मोठा केल्यावर हिशोबाने तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा व्हायला हवा, आणि होतोही. पण भोवती एवढा काळोख असतो की डोळा ते मान्य करत नाही.

मंडळाच्या माणसाने मग उभ्या उभ्या समजावलं. बोलायला बसला की थांबत नाही, पण सांगतो छान. शनीचा आस कललेला आहे. सूर्याभोवती एक फेरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, आणि त्या फेरीत दोनदा त्याची कडी आपल्या नजरेच्या पातळीत येतात. यंदा २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, पण तेव्हा शनी आकाशात सूर्याजवळ होता, कोणाला धड दिसला नाही. आता नोव्हेंबरच्या शेवटी कडी पुन्हा जवळजवळ आडवी झालीत, कल अर्ध्या अंशाहूनही कमी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली ही कडी, म्हणजे इथून चंद्राच्या अंतराचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग. आणि जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही नाही. बहुतेक सगळा बर्फच, धुळीच्या कणापासून घराएवढ्या तुकड्यांपर्यंत. बाजूने दिसेल तरी किती? जी रेघ दिसली, तिचंच नवल वाटायला हवं.

मला खरंच वाटलं. कडी उघडी असती तर मी "अगदी फोटोसारखा" म्हणून पुढच्याला जागा दिली असती. फोटो लहानपणापासून डोक्यात बसलेला. हा शनी मात्र कुठल्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नव्हता, त्यामुळे तो बघावाच लागला.

आणि गॅलिलिओची दया आली. १६१० मध्ये त्याने जेमतेम वीस पटीच्या दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला तीन गोळे एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. १६१२ मध्ये पुन्हा बघतो तर बाजूचे दोन्ही गायब! कडी अशीच आडवी झालेली. शनीने आपली पोरं गिळली की काय, असं त्याने पत्रात लिहिलं. बिचाऱ्याला कडं असू शकतं हेच माहीत नव्हतं, विचारणार कोणाला? कोडं सुटलं ते हायगेन्स या डच शास्त्रज्ञाकडून. त्याने १६५५ मध्ये टायटन हा उपग्रह शोधला, तेव्हाही कडी जवळपास आडवीच होती. १६५९ मध्ये त्याने छापून सांगितलं की शनीभोवती पातळ, सपाट, त्याला कुठेही न टेकणारं कडं आहे. म्हणजे ज्या वर्षांत काही बघण्यासारखं नव्हतं, त्याच वर्षांतली निरीक्षणं त्याच्या कामी आली. काकांना हे सांगायचं होतं, पण ते भजी खायला गेले होते.

भाच्याला पुन्हा रांगेत उभं केलं. रेघ तशीच पुढे वाढवली तर तिच्यावर एक बारीक ठिपका आहे, तो शोध, असं सांगितलं. सापडला. टायटन. उपग्रहही कड्यांच्याच पातळीत फिरतात, म्हणून हल्ली ते त्याच ओळीत दिसतात. मग गडी खूश. आणखी ठिपके सांगायला लागला. त्यातले निम्मे त्याच्या उत्साहातले असावेत.

घरी येताना हिशोब केला: शनीवरून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सध्या सव्वा तास लागतो. सव्वाआठला मी जो शनी पाहिला तो सातचा होता. सातला आम्ही फाट्यावर वडापावची वाट बघत होतो आणि मिरची तळली नाही म्हणून भाचा रुसला होता.

आईची गंमत लिहायची राहिली. निघताना तिचा फोन: "तुझी साडेसाती चालू, आणि शनिवारीच निघालीस शनी बघायला? समोरून बघू नकोस गं बाई त्याच्याकडे." देवळातही ती कधी शनीच्या अगदी समोर उभी राहत नाही. तेल वाहते, उडीद वाहते आणि बाजूला होते. या दुर्बिणीत बाजूनेच बघतात, हे आज सकाळी सांगितलं तेव्हा तिचं जरा समाधान झालं.

माझा साडेसातीवर विश्वास नाही, पण तिच्यातलं गणित मला आवडतं. साडेएकोणतीस वर्षं बारा राशींत वाटली की एकेका राशीला अडीचेक वर्षं येतात. आपल्या मागची रास, आपली आणि पुढची, मिळून साडेसात. माझी मीन, म्हणजे सध्या मधली अडीचकी. फळ काय ते असो. दुर्बीण नसताना कोणीतरी हा मंद ठिपका वर्षानुवर्षं टिपून त्याचा वेग काढला होता. काल त्या खाचरात उभ्या असलेल्या आमच्यापैकी किती जणांना नुसत्या डोळ्यांनी शनी दाखवता आला असता? मला तरी मंडळाच्या माणसाने लेझर दाखवल्यावरच कळला.

साडेनऊनंतर पूर्वेला गुरू वर आला आणि रांग तिकडे वळली. पट्टे, चार चंद्र, सगळं ठसठशीत. लोकांना तोच जास्त आवडला. शनीची दुर्बीण बराच वेळ मोकळी होती, म्हणून मी आणखी दोनदा बघून घेतलं.

आता कडी हळूहळू उघडत जातील, २०३२ मध्ये पूर्ण. भाचा तेव्हा कॉलेजात असेल. तोवर थांबायचं नाही असं ठरवलंय. फेब्रुवारीपर्यंत शनी संध्याकाळी दिसतो, मंडळाचा माणूस छोटी दुर्बीण आमच्या गच्चीवर आणायला तयार आहे. आईला खाचरात नेता येणार नाही, गुडघे. पण गच्चीपर्यंत लिफ्ट जाते. ती यायला कबूल झाली आहे. फक्त शनिवार नको म्हणाली, आणि आधी मारुतीला जाऊन येणार आहे.