अलिबागची इस्रायल आळी: सिनेगॉग, टापा आणि नवगाव

अलिबागला सगळे बीच आणि कुलाबा किल्ल्यासाठी जातात, आम्ही यावेळी फक्त बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या जागा बघायच्या असं ठरवून गेलो. गेटवेहून मांडव्याची बोट पकडली, तिकिटातच पुढची अलिबागची बस येते त्यामुळे वेगळी धावपळ नाही. पावसाळ्यात मात्र गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा पेण-वडखळमार्गे एसटी.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. मूळचं १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. मधोमध लाकडी कठड्याचा तेवा (जिथे उभं राहून प्रार्थना म्हणतात तो चौथरा), आणि तोरा म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, कारण आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला. तिथले काका अगदी आपल्या कोकणी मराठीत बोलायला लागले की मग आपण "ज्यू" वगैरे विसरतोच, आडनावं पण पेणकर, रोहेकर, नवगावकर अशीच. पूर्वी हे लोक गावागावात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून त्यांना नाव पडलं शनिवार तेली.

१९४८ ला इस्रायल देश झाला, त्यानंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवणं इथे कठीण होत गेलं. पण मला वाटतं या वास्तूचं खरं काम आता वेगळंच आहे, गेलेल्यांना परत यायला एक पत्ता आहे. तिकडची माणसं सुट्टीत मुलांना घेऊन येतात, आजोबांचं घर पडलेलं असतं, सिनेगॉग उभं असतं.

त्यांचं या मातीशी असलेलं नातं सगळ्यात जास्त कळतं खंडाळ्याला (लोणावळ्याचं नाही, अलिबागजवळचं गाव, रिक्षा ठरवून जा आणि परतीसाठी थांबवून ठेवा, तिथून दुसरी मिळणं अवघड). तिथे खडकावर खुणा आहेत, एलियाहू हनाबींच्या (ज्यूंचे प्रेषित एलिया) रथाच्या असं मानतात, त्यालाच टापा म्हणायचं. लोक नवस बोलतात आणि फेडायला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूला फळं. लग्न असो की नवीन घर, मलिदा हवाच. प्रार्थना हिब्रूत आणि ताट पूर्ण कोकणातलं, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

नवगाव थळ-किहीमच्या बाजूला. जहाज फुटून सात जोडपी इथे किनाऱ्याला लागली अशी त्यांची परंपरा, बुडालेल्यांना पुरलं ती जागा आणि स्मारकाचा खांब आहे. बघायला फार नाही, पण सगळी गोष्ट इथूनच सुरू होते म्हणून जाच.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा नुसतं बघायला जाऊ नका, फोटो तर अजिबात नको. रविवार सकाळ किंवा मधला वार बरा. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल न्यावा. दार बंद असेल तर आळीतच विचारा, कोणीतरी चावीवाल्यांकडे पाठवतं. आधी ओळखपत्र दाखवायची तयारी ठेवा, मागितलं तर कुरकुर करू नका. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग पण करायचं असेल तर सकाळी तिकडेच आधी जा, नाहीतर मांडव्याची शेवटची बोट चुकते.