तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतला जळका रणगाडा कोणता?

प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो. आजोबा किंवा पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ट्रंकेत एक फोटो सापडला, त्यात चार जवान उभे आणि मागे जळून गेलेला जर्मन रणगाडा. पाठीमागे कुणीतरी शाईने लिहिलंय, ‘टायगर, 1944’. हा जर्मनांचा जड रणगाडा टायगरच का? आणि जागा कोणती?

आधी फोटोबद्दल. दोन्ही बाजू किमान 1200 डीपीआयला स्कॅन करा. कडा कापू नका, कारण कोपऱ्यातला अर्धा खांब किंवा डोंगराची रेघ पुढे कामी येते. मोबाइलमधल्या ‘फोटो स्पष्ट करा’ किंवा ‘रंगीत करा’ अशा सोयी कटाक्षाने टाळा. नसलेले बोल्ट आणि नसलेली चाकं त्या बेमालूम रेखाटून देतात, आणि आपली सगळी भिस्त नेमकी बोल्ट आणि चाकांवरच असते.

नजर सगळ्यात आधी तोफेकडे जाते. ती खाली, चाकांकडे वळवा. तोफ तुटते, टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, उडून पडतो, अंगावरची पत्र्याची पेटारी लोक उचलून नेतात, पण चाकं बहुधा जागेवर राहतात. एका बाजूला आठ लहान चाकं दोन-दोनच्या जोडीत आणि वर पट्टा पेलणाऱ्या चार छोट्या पुल्या असतील, तर तो पॅंझर 4. सहा चाकं आणि वर तीन पुल्या, तर पॅंझर 3. त्यावर टरेटच नसेल आणि तोफ बुटक्या पेटीतून पुढे आली असेल, तर बहुतेक श्टुग 3. मोठाली चाकं एकमेकांवर चढलेली आणि वर पुली एकही नाही, म्हणजे पॅंथर किंवा टायगर. त्यात समोरची जाड पाटी उतरत्या छपरासारखी तिरकी असेल तर पॅंथर, भिंतीसारखी जवळजवळ उभी असेल तर टायगर. पाटी तिरकी, पण एका बाजूला आठाऐवजी नऊ आस दिसले, तर तो टायगर 2.

‘टायगर’ म्हणून आलेल्या फोटोंतले कितीतरी रणगाडे मुळात पॅंझर 4 असतात. 1943 च्या वसंतापासून त्याच्या टरेटभोवती 8 मिलिमीटर आणि अंगाला 5 मिलिमीटर पत्र्याचे पडदे लावायला लागले. टरेटभोवतीच्या गोलसर पडद्यामुळे तो लांबून थेट टायगरसारखा दिसतो, वर लांब नळी आणि तिच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा धक्का कमी करणारं जाड बोंडूक. समोरून तो येत असताना सैनिकांना टायगर वाटला यात त्यांचा दोष नाही. फोटो मात्र थांबलेला असतो. आपण चाकं मोजू शकतो.

फोटो उलटा छापला गेलाय का, हेही याच वेळी पाहून घ्या. पॅंझर 4, पॅंथर, टायगर, तिन्हींत चालक डावीकडे आणि पुढची मशीनगन उजवीकडे असते. म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत मशीनगन आपल्या डाव्या हाताला दिसायला हवी. ती उजव्या हाताला असेल तर निगेटिव्ह उलटी लागली आहे, आणि मग मागची गल्ली, चर्च, डोंगर सगळं आरशातलं आहे.

आता उपप्रकार. यात वेळ जातो, पण तारीख इथेच सापडते. पॅंथरची मॉडेलं डी, ए, जी अशा क्रमाने आली. डीचा कपोला, म्हणजे कमांडरच्या डोक्यावरचा घुमट, पिंपासारखा उभट. एपासून तो ओतीव आणि ठेंगणा झाला. मार्च 1944 पासून आलेल्या जीच्या बाजूच्या तिरक्या पाटीची खालची कड सरळ एका रेषेत जाते आणि चालकासमोरची झडप नाहीशी होते. सप्टेंबर 1944 पासून तोफेच्या ढालीला खाली हनुवटीसारखी कड आली. टायगरचा कपोलाही सुरुवातीला पिंपासारखा होता. जुलै 1943 पासून तो ठेंगणा झाला आणि फेब्रुवारी 1944 पासून रबरी धावेच्या चाकांऐवजी पोलादी धावेची चाकं आली. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून अंगावर थापलेला झिमेरिट हा खडबडीत लेप कारखान्यांत 1943 च्या उन्हाळ्याअखेरीपासून सप्टेंबर 1944 पर्यंतच लावत होते. त्यामुळे झिमेरिटच्या रेघा ठळक दिसणाऱ्या टायगरखाली ‘कुर्स्क, जुलै 1943’ लिहिलेलं असेल, तर ती ओळ खुशाल खोडा.

मात्र तारीख काढताना सगळ्यात नवा भाग धरायचा, जुना नाही. कारखान्यात जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरत, आणि दुरुस्तीत एकाचा टरेट दुसऱ्यावर चढत असे. नवा भाग ‘याच्या आधी नक्की नाही’ एवढंच सांगतो. रणगाडा कधी मेला हे तो सांगत नाही, आणि फोटो कधी काढला हे तर मुळीच नाही. सांगाडे महिनोन्‌महिने रस्त्याकडेला पडून असत.

जळालेल्या रणगाड्यात हमखास एक घोटाळा होतो. आगीत चाकांवरचं रबर जळून जातं, आणि मग रबरी धावेचा टायगर बघणाऱ्याला ‘पोलादी चाकांचा, म्हणजे 1944 चा’ वाटतो. इथे भिंग लावा. रबर जळालेलं चाक आकसल्यासारखं दिसतं आणि पट्टा व चाक यांच्यात रिकामी फट राहते. शिवाय जुन्या रचनेत प्रत्येक आसावर तीन चाकं होती, पोलादी रचनेत दोन. सगळ्यात बाहेरची रांग आहे की नाही, यावरून निकाल लागतो. आगीने झिमेरिटही गळून पडतो, म्हणून ‘झिमेरिट नाही’ यावर जळक्या रणगाड्यात विसंबू नका. चाकांना स्प्रिंगसारख्या झेलणाऱ्या सळ्या, म्हणजे टॉर्शन बार, तापून त्यांचा ताण जातो आणि पॅंथर किंवा टायगर बैलाने बसकण मारावी तसा जमिनीला टेकतो. असा बसलेला रणगाडा दिसला की आग मोठी होती एवढं धरून चाला.

तो कशामुळे गेला, हे सांगताना हात आखडता घ्या. नळीचं टोक केळीच्या सालीसारखं फाटलेलं असेल तर बहुधा चालक दलानेच सुरुंग लावून तो निकामी केला. इटलीच्या डोंगरांत टायगर बिघडून अडकत, आणि ओढून नेता येईनात म्हणून त्यांचे लोकच ते उडवत. भोकं मोजून काही सिद्ध होत नाही, कारण सोडून दिलेल्या सांगाड्यांवर नंतर नेमबाजीही होई.

टरेटवरचा आकडा साधारण असा वाचायचा: पहिला अंक कंपनी, दुसरा प्लाटून, तिसरा त्या प्लाटूनमधला रणगाडा. ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला ‘131’ म्हणजे पहिल्या कंपनीच्या तिसऱ्या प्लाटूनमधला पहिला टायगर. तो जर्मनांच्या 504 व्या जड रणगाडा बटालियनचा होता आणि आज इंग्लंडमध्ये बोविंग्टनच्या संग्रहालयात चालत्या स्थितीत आहे. ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्याचा गोळा त्याच्या नळीच्या खालच्या अंगाला घासून टरेटच्या कड्यात अडकला, टरेट फिरेना, आणि आतले लोक तो सोडून गेले. नळीवरचा तो ओरखडा म्हणजे त्याच्या अंगठ्याचा ठसा. असा ओरखडा, वाकलेला फेंडर, तुटलेला दिवा जुळला की दोन फोटोंतला रणगाडा एकच हे ठामपणे म्हणता येतं. आणि एवढा प्रसिद्ध रणगाडा असूनही तो जेबेल जाफा इथे 21 एप्रिल 1943 ला पकडला असंच वर्षानुवर्षं छापलं जात होतं. पुढच्या संशोधनाने जागा गेरियात अल अताश आणि तारीख 24 एप्रिल ठरवली. छापील ओळ कितीही जुनी असो, ती तपासायचीच. (चर्चिल प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. पट्ट्याची एक कडी केवढी असते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की फोटोतला अंदाज खूप सुधारतो.)

इटलीच्या फोटोंत आणखी एक फसगत आहे. जमिनीतून नुसता पॅंथरचा टरेट वर आलेला दिसला, तर तो गाडलेला रणगाडा नव्हे. मे 1944 मध्ये हिटलर लाइन या इटलीतल्या संरक्षक फळीवर जर्मनांनी पॅंथरचे टरेट जमिनीत पुरलेल्या कोठ्यांवर बसवले होते. खाली चाकं शोधू नका, ती नव्हतीच.

राहिली जागा. प्रिंटच्या मागे ‘एनए’ अक्षरं आणि आकडा असेल तर तो ब्रिटिश लष्करी छायाचित्रकारांचा उत्तर आफ्रिका आणि इटलीचा क्रम. ‘ई’ असेल तर वाळवंटातला, ‘बी’ असेल तर 1944-45 चा वायव्य युरोप. आकडा नसेल तर आजोबांची पलटण धरा. पहिली मराठा 8 व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिसरी 10 व्या डिव्हिजनमध्ये. त्या डिव्हिजनचा मार्ग नकाशावर काढा आणि मग डोंगराची रेघ, चर्चचा मनोरा, पुलाच्या कमानी आजच्या रस्त्यावरच्या चित्रांशी ताडून बघा. झाडांवर विसंबू नका. घरांची छपरंही युद्धानंतर बदलली. डोंगर तेवढे तसेच आहेत.

शेवटी जे ठरेल ते फोटोच्या पाठीवर लिहू नका, पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा. आजोबांची शाईतली ओळही तशीच राहू द्या, ती त्या दिवसाची साक्ष आहे. पाकिटावर एवढं पुरे (एच आणि जे ही पॅंझर 4 ची मॉडेलं): ‘पॅंझर 4, एच किंवा जे. आठ चाकं, टरेटचा पडदा शाबूत, जळालेला. इटली, 1944. गाव अजून ठरलेलं नाही.’